मुलांना स्काउट-गाइडमध्ये घालताय? आधी घरात करायची तयारी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात मुलं घरी येऊन सांगतात, स्काउटला नाव द्यायला सांगितलंय, देऊ का? त्यावर पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, ड्रेसला किती पडतात. हा प्रश्न थोडा मागे ठेवा. ड्रेसचं काम एका आठवड्यात होतं. बाकीच्या तयारीला वेळ लागतो, आणि ती मुलापेक्षा घरातल्या मोठ्यांनाच जास्त करावी लागते.

सगळ्यात आधी वेळ मोकळा करा. पथकाचा तास आठवड्याला ठरलेल्या दिवशी असतो, पुष्कळ ठिकाणी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. त्याच वेळेला क्लास लावला असेल तर आताच हलवा. महिन्यातून एकदा गेलं तरी चालेल असं धरून चालू नका. इथलं सगळं काम सहा ते आठ जणांच्या टोळीत चालतं. तिला पॅट्रोल म्हणतात. एक मूल सारखं गैरहजर राहिलं तर बाकीच्यांचा तंबू अर्धा उभा राहतो आणि त्या मुलाची टोळीतली जागाही सुटत जाते. वर्षभर जमणार नसेल तर पुढच्या वर्षी नाव द्या, त्यात काही कमीपणा नाही.

आपण मूल कुठे पाठवतोय तेही नीट समजून घ्या. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी आधीच्या संघटना एकत्र येऊन उभी राहिली. १९५१ साली गर्ल गाइड्सही तिच्यात सामील झाल्या. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन जो तळ टाकला, त्यातून ही चळवळ जगभर गेली. पाच ते दहा वर्षांची मुलं कब आणि मुली बुलबुल, दहाच्या पुढे साधारण सतरापर्यंत स्काउट आणि गाइड, त्यानंतर पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे पुष्कळांना हेही सैन्याचंच काहीतरी वाटतं आणि एनसीसीशी गल्लत होते. एनसीसी संरक्षण मंत्रालयाखाली येते आणि शाळेत ती साधारण आठवीपासून सुरू होते. स्काउटमध्ये कवायत असते, पण थोडी. बराचसा वेळ खेळ, गाठी, प्रथमोपचार, चूल पेटवणं, नकाशा वाचणं आणि गावासाठी काहीतरी काम करणं यात जातो. मुलाला शिस्त लागेल म्हणून घालणार असाल तर ती लागेल, पण धाकाने लागणार नाही. टोळीतल्या मुलांसमोर आपली जबाबदारी पार पाडताना लागेल.

पहिल्या आठवड्यात पथकाच्या सरांना किंवा बाईंना एकदा जाऊन भेटा. मुलांच्या पथकाला स्काउट मास्टर असतात, मुलींच्या पथकाला गाइड कॅप्टन. भेटल्यावर संकोच न करता विचारा. पथकाची जिल्हा संस्थेकडे नोंदणी झाली आहे का? शिबिरात मोठी माणसं किती असतात? मुलींबरोबर बाई मुक्कामाला असतात का? कुठलंही मोठं माणूस एकट्या मुलाला घेऊन बाजूला जाणार नाही, याची काळजी कशी घेतली जाते? चांगल्या शिक्षकांना या प्रश्नांचा राग येत नाही. ते स्वतःहूनच सांगायला लागतात. उत्तर देताना कुणी टाळाटाळ केली तर मात्र थांबा.

कागदपत्रं फार नसतात. जन्मतारखेचा दाखला, फोटो, पालकांचं संमतिपत्र आणि आजारपणाची माहिती. यातली शेवटची गोष्ट घरचे लपवतात, आणि तिथेच घोळ होतो. दमा, फिट येणं, शेंगदाण्याची अॅलर्जी, रात्री अंथरूण ओलं होणं, जे असेल ते एका कागदावर स्वच्छ लिहा आणि सरांच्या हातात द्या. औषध कधी, किती आणि कोणी द्यायचं तेही लिहा. अंथरुणाचं कळलं तर मुलाला चिडवतील ही भीती खरी आहे. पण सरांना माहीत असेल तर ते रात्री गुपचूप उठवतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. रक्तगट आणि दोन फोन नंबर त्याच कागदावर असू द्या. त्यातला एक नंबर शेजारच्या किंवा काकांच्या घरचा असावा, कारण कणकुंबीकडच्या पावसात ऐन वेळी कुणाचा फोन लागेल याचा भरवसा नसतो.

आता ड्रेस. लगेच शिवायला टाकू नका. नाव दिल्यापासून दीक्षा होईपर्यंत साधारण तीन महिने जातात. या काळात मूल प्रतिज्ञा, नियम, सलाम आणि झेंड्याविषयीची माहिती शिकतं. दीक्षेच्या दिवशी प्रतिज्ञा म्हटली की स्कार्फ आणि बॅज मिळतो. त्याआधी शाळेच्या गणवेशात गेलं तरी चालतं, आणि तेवढ्यात मूल रमतंय की नाही हेही कळतं. स्कार्फचा रंग प्रत्येक पथकाचा वेगळा असतो, म्हणून बाजारात दिसला तो घेऊन येऊ नका. कापड कोणतं, टोपी कोणती, मुलींनी सलवार-कमीज शिवायची की दुसरं काही, हे सरांकडून किंवा बाईंकडून लिहून घ्या आणि मगच शिंप्याकडे जा. पँट शिवताना खाली चार बोटं जादा कापड दुमडून घ्या, मुलं वर्षात वाढतात. थोरल्या भावाचा किंवा शेजारच्या ताईचा ड्रेस मिळाला तर आनंदाने घ्या. काटकसर हा स्काउटच्या नऊ नियमांपैकीच एक आहे.

सलाम मात्र घरी बघण्यासारखा असतो. उजव्या हाताची मधली तीन बोटं सरळ, आणि करंगळी अंगठ्याखाली दाबलेली. तीन बोटं म्हणजे प्रतिज्ञेचे तीन भाग: ईश्वर आणि देशाप्रती कर्तव्य, दुसऱ्याला मदत, आणि स्काउट नियमाचं पालन. अंगठ्याखालची करंगळी म्हणजे बलवानाने दुबळ्याला सांभाळायचं. हात मिळवायचा तो डावा. मुलाने घरी येऊन डावा हात पुढे केला तर आजी रागावेल, तिला आधीच सांगून ठेवा.

गाठींसाठी महागडं काही लागत नाही. करंगळीएवढी जाड सुती दोरी दोन-तीन मीटर घ्या. नायलॉनची नको, ती घसरते आणि नवख्या हाताला गाठ नीट दिसत नाही. पहिली गाठ रीफ नॉट. उजवं टोक डाव्यावर टाकून वळवायचं, मग डावं उजव्यावर. बरोबर जमली तर गाठ चपटी बसते, म्हणून जखमेवरची पट्टी हिनेच बांधतात. दोन्ही वेळा उजवंच वर गेलं तर ती तिरकी होते आणि ओढल्यावर सरकते. दोन्ही बांधून शेजारी ठेवा, फरक मुलाला लगेच दिसेल. खांबाला दोरी बांधायची क्लोव्ह हिच आणि आवळली न जाणारी बोलाइन यासाठी घरातल्या शेतकरी आजोबांना हाक मारा. बैलाच्या दाव्याला आणि गवताच्या भाऱ्याला त्यांनी जन्मभर गाठी मारल्या आहेत. पुस्तकातलं नाव त्यांना ठाऊक नसेल, पण हात बरोबर चालतो. अशा संध्याकाळी नातवाला पहिल्यांदा कळतं की आजोबांना केवढं येतं, म्हणून ही तयारी चुकवू नका.

भाषेची तयारी आपल्या भागात वेगळी करावी लागते. मूल मराठी शाळेत असतं, पथकात प्रार्थना हिंदीत म्हणतात, आणि जिल्ह्याच्या मेळाव्याला गेलं की अथणी, गोकाक, सौंदत्तीकडची मुलं कानडीत बोलत असतात, सूचनाही पुष्कळदा कानडीतच. बेळगाव शहरातल्या मुलांचं कानावर पडून निभावतं, पण जांबोटीकडच्या खेड्यातलं मूल बावरून गप्प बसतं. निघण्याआधी त्याला चार वाक्यं पक्की करून द्या: ‘नन्न हेसरु’ म्हणून नाव सांगणं, ‘नीरु बेकु’ म्हणून पाणी मागणं, ‘होट्टे नोयुत्तिदे’ म्हणून पोट दुखतंय ते सांगणं, आणि ‘ननगे गोत्तिल्ल’, म्हणजे मला माहीत नाही. आपल्या भाषेचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, माझ्याही. पण मुलाला मेळाव्याला पाठवताना त्याच्या कानात कुणाविषयी कडवटपणा घालू नका. स्काउटचा तिसरा नियमच सांगतो की स्काउट सगळ्यांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा भाऊ असतो. आपलं मूल तिथे रायबागच्या मुलाबरोबर एकाच पातेल्यातला भात खाणार आहे. प्रतिज्ञेचे शब्द पाठ करून घेण्याआधी त्यांचा अर्थ घरच्या मराठीत समजावून सांगा. अर्थ न कळता म्हटलेली प्रतिज्ञा लक्षातही राहत नाही.

पहिलं शिबिर जवळ आलं की घरात धावपळ सुरू होते, आणि आई बॅग भरायला घेते. ती भरू नका. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. यादी मुलाच्या हातात द्या, सामान जमिनीवर मांडायला सांगा, एकेक वस्तू वाचत त्यालाच भरू द्या, आणि तुम्ही शेजारी बसा. आईने भरलेल्या बॅगेत टॉर्च कुठे आहे हे मुलाला माहीत नसतं. मग रात्री अंधारात ते सगळी बॅग उपसतं आणि सकाळी निम्मं सामान दुसऱ्याच्या बॅगेत जातं. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, मोज्यांवरसुद्धा. ताट, पेला, चमचा, पाण्याची बाटली, टॉर्च, दोरी, शिट्टी, वही-पेन, साबण, टूथब्रश, टॉवेल, दोन जादा कपडे, अंथरूण-पांघरूण. यापलीकडे फारसं काही लागत नाही.

पावसाळ्यातलं शिबिर असेल तर नियम बदलतात. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही. आपली वाकळ उबदार खरी, पण एकदा भिजली की शिबिर संपेपर्यंत वाळत नाही आणि उचलवतही नाही. सतरंजी आणि पातळ चादर किंवा शाल द्या. कपड्यांचा एकेक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायला शिकवा, एक पिशवी भिजली तरी दुसरी कोरडी राहते. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी. छत्री नको, रेनकोट द्या, हात मोकळे राहतात. रानात जळवा लागतात हे आधीच सांगा, म्हणजे ऐन वेळी किंचाळणं होत नाही. जळू हिसकून ओढायची नाही. तिचं तोंड जिथे चिकटलंय तिथे कडेने नख सरकवून सोडवायची, मग जागा धुऊन दाबून धरायची. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

मुलींच्या आयांनी एक गोष्ट न लाजता करावी. पाळी सुरू झाली असो वा नसो, पॅड, जादा चड्डी आणि कागदाच्या पिशव्या असं छोटं पुडकं बॅगेत असू द्या आणि कसं वापरायचं ते समजावून द्या. कित्येक मुलींची पहिली पाळी घराबाहेरच येते. कॅप्टनबाईंशी कसं बोलायचं हेही सांगून ठेवा. पाळी आहे म्हणून मुलीला शिबिरातून मागे ठेवू नका.

फोन घरीच राहू दे. खर्चाला थोडेच पैसे द्या, सगळ्यांना सारखे असावेत म्हणून किती ते सरांना विचारून. खाऊ द्यायचा तर टोळीला पुरेल एवढा द्या. भडंग किंवा चिरमुऱ्याचा चिवडा टिकतो आणि वाटता येतो. कुंदा एकट्याच्या डब्यात लपवून दिला तर त्याच रात्री मुंग्या लागतील. आणि शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढून भेटायला जाऊ नका. पहिल्या रात्री घरची आठवण येते, दुसऱ्या दिवशी मूल सावरतं. नेमकं तेव्हाच आई-बाबा दिसले की बांध फुटतो, आणि शेजारच्या तंबूतली मुलंही रडायला लागतात.

पुढच्या पायऱ्यांचा हिशेबही आताच मांडून ठेवा. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला महिने लागतात आणि उडी मारता येत नाही. म्हणून पाचवी-सहावीत सुरुवात केली तर बरं. आठवीत सुरू केलं तर चाचणी शिबिरं ऐन दहावीच्या अभ्यासात येतात. राष्ट्रपती पुरस्कारामुळे रेल्वेच्या स्काउट-गाइड कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येतो हे खरं आहे, आणि गरीब घराला त्याची आशा वाटणं चूक नाही. पण दहा वर्षांच्या मुलासमोर रोज तेच बोलू नका. नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, काय शिकलो, कुठे सेवा केली, सरांची सही. मागाहून आठवून लिहिलेली वही परीक्षकांना ओळखू येते. लिहायची मुलाने, अक्षर वेडंवाकडं असलं तरी.

रोज एक चांगलं काम करायचं असतं. त्याचे पैसे किंवा चॉकलेट देऊ नका, आणि काय केलंस म्हणून रोज उलटतपासणीही घेऊ नका.

नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. पहिल्या वर्षीची पावती नोंदवहीतच चिकटवून ठेवा, आणि जूनमध्ये शाळा उघडली की सरांना आठवणीने विचारा.