कंपनीच्या फायबर मोडेमला आपला राऊटर जोडायचा कसा

फायबर कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस येतो, खिडकीतून वायर आत घ्यायला जिथं सोपं पडतंय तिथंच सोप्यात भिंतीला पांढरा डबा ठोकतो, मोबाईलवर एक व्हिडिओ चालवून दाखवतो आणि गाडीला किक मारून जातो. मग रात्री कळतं की सोप्यात स्पीड झकास आणि मागं स्वयंपाकघरात वायफायची एकच काडी. आपल्याकडची घरं पण तशीच की ओ. बेळगावच्या शहापूर-वडगावात गल्लीकडून मागच्या परड्यापर्यंत लांबच लांब, मध्ये एखाद्या खोलीत माग, खानापूरकडं जुन्या घरांना हातभर जाडीच्या मातीच्या नाहीतर जांभ्याच्या भिंती, त्यातनं वायफाय पलीकडं जाणार तरी कसं. म्हणून लोक दुसरा राऊटर आणतात, वायर खुपसतात, आणि मग "कधी चालतंय कधी नाही" सुरू होतं. बहुतेक वेळा राऊटर खराब नसतो, जोडणी अर्धवट झालेली असते.

आधी एवढं समजून घ्या. भिंतीवरच्या डब्याला आपण मोडेम म्हणतो, कंपनीवाले ओएनटी म्हणतात, मी इथं मोडेमच म्हणतो. त्याचं खरं काम एकच, फायबरमधनं येणारा प्रकाश नेटवर्कच्या वायरीत चालेल असा करणं. पण हल्लीच्या मोडेममध्येच राऊटर आणि वायफाय पण घालून देतात. म्हणजे तो मोडेम घरातल्या प्रत्येक मोबाईलला, टीव्हीला एकेक आयपी नंबर वाटत बसलेला असतो, ह्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. आता तुम्ही आणलेला राऊटर पण डब्यातनं काढल्या काढल्या तेच काम करायला बघतो. एका घरात दोन कारभारी झाले की जे होतं तेच इथं होतं. तेव्हा राऊटर जोडायच्या आधी ठरवायचं, कारभार कुणाकडं ठेवायचा.

माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ घरांनी कारभार मोडेमकडंच ठेवावा आणि आपल्या राऊटरला फक्त वायफाय पसरायच्या कामाला लावावं, ह्याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात. मोडेमला नुसता वायर पुढं देणारा करून सगळा कारभार आपल्या राऊटरकडं घ्यायचा, तो ब्रिज मोड. त्याची गरज कुणाला, तर ज्याला मुलांच्या मोबाईलवर वेळेचं बंधन घालायचंय, बंगळूर-पुण्याच्या ऑफिसचं व्हीपीएन (घरनं ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) सारखं तुटतंय, नाहीतर पंधरा-वीस उपकरणांनी मोडेम दमतोय. बाकीच्यांनी त्या भानगडीत पडू नये.

आणि काहीही करायच्या आधी दोन गोष्टी. मोडेमच्या मागं टाचणीएवढं रिसेटचं भोक असतं, त्यात पिन खुपसायची नाही म्हणजे नाही. त्यानं कंपनीनं आत भरलेली माहिती पुसली जाऊ शकते, मग परत तो माणूस येईपर्यंत घरात नेट बंद. दुसरं, ती बारीक फायबर वायर, हिरव्या टोपणाची, ती उगीच काढू नका, खिळ्याला गुंडाळू नका, तिच्या तोंडात डोकावून तर अजिबात बघू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण असतो. मोडेमवरचा पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा आणि लॉसचा (प्रकाश तुटल्याचा) दिवा बंद, एवढं असलं की फायबरकडनं सगळं ठीक. लॉस लाल झाला तर आत प्रकाशच येत नाही, मग राऊटरशी झटापट करून काही उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा.

आता सोपी पद्धत. वायर चांगली घ्या, कॅट-५ई नाहीतर कॅट-६, आणि दुकानात विचारा आत पूर्ण तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, स्वस्तातली बरीच दुसऱ्या प्रकारची असते. शंभर मीटरपर्यंत वायर चालते, एवढं लांब घर आपल्यात कुणाचं नसतंय. वायर कौलाखालनं नेणार असाल तर उंदीर लक्षात ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीतनं न्या.

नवा राऊटर मोडेमला न जोडता आधी नुसता करंटला लावा. त्याच्या पोटाला स्टिकर असतो, त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगचा पत्ता लिहिलेला असतो, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा काहीतरी (ब्राउझरमध्ये टाईप करताना इंग्रजी आकडे घाला). मोबाईल त्या वायफायला जोडा. इथं बरेच जण अडकतात, कारण वायफायला इंटरनेट नाही म्हटल्यावर मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर उडी मारतो आणि सेटिंगचं पान काही उघडत नाही. मोबाईल डेटा बंद करा, पान उघडेल. पहिल्यांदा तो ॲडमिनचा पासवर्ड बदलायला सांगेल, बदला, आणि तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, कारण वायफायचा पासवर्ड पाव्हण्यारावळ्यांना द्यावाच लागतो. मग ऑपरेशन मोड असं काहीतरी शोधा, सिस्टीम किंवा ॲडव्हान्स्डच्या खाली असतं, तिथं ॲक्सेस पॉइंट निवडून सेव्ह करा, राऊटर आपोआप बंद होऊन परत चालू होईल. आता वायरीचं एक टोक मोडेमच्या लॅन-१ मध्ये (लॅन म्हणजे घरातल्या उपकरणांना जोडायचं भोक) आणि दुसरं राऊटरच्या वॅनमध्ये (बाहेरनं नेट आत घ्यायचं भोक) घाला, वॅनचं भोक बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं. मोबाईल परत जोडा, नेट चालायला पाहिजे. झालं. ह्यानंतर राऊटरचा जुना पत्ता चालेनासा होतो, घाबरू नका, आता त्याला पण मोडेमनंच नवा नंबर दिलेला असतो, तो मोडेमच्या उपकरणांच्या यादीत दिसतो किंवा राऊटर कंपनीच्या ॲपवर सापडतो.

जुन्या राऊटरमध्ये हा मोड नसतोच कधी कधी. तरी जमतं. मोडेमचा पत्ता काय तो मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे म्हणून बघा, समजा १९२.१६८.१.१ आहे, तर राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मोडेम जे नंबर वाटतोय त्यात हा २ येत नाही ना तेवढं बघून घ्या, येत असेल तर बाहेरचा दुसरा घ्या. मग राऊटरचं डीएचसीपी बंद करा. आणि वायर वॅनमध्ये न घालता राऊटरच्या कुठल्याही लॅन भोकात घाला, वॅन मोकळंच राहू दे. जुना राऊटर अडगळीत पडला असेल तर माडीवरच्या खोलीला एवढं बास होतं.

काहीच न बदलता नुसती वायर वॅनमध्ये खुपसली तर काय होतं? राऊटरचा आणि मोडेमचा पत्ता एकच निघाला तर बरेच राऊटर स्वतःहून पत्ता बदलतात, जे बदलत नाहीत त्यांच्यात नेट लागतच नाही. पत्ते वेगळे असतील तर नेट लागतं, व्हिडिओ बिडिओ सगळं चालतं, पण मोडेम आणि राऊटर दोघंही आयपी पत्त्याचं भाषांतर करतात, एका भाषांतरावर दुसरं भाषांतर होतंय, ह्याला डबल नॅट म्हणतात. त्यात सोप्यातला प्रिंटर मागच्या खोलीतनं दिसत नाही, मोबाईलवरनं टीव्हीवर काही टाकता येत नाही, ऑनलाइन गेम कुरकुरतात. तुम्हाला ह्यातलं काही लागत नसेल तर चालू दे तसंच.

ब्रिज मोड हवाच असेल तर आधी कंपनीच्या माणसाकडनं तीन गोष्टी घ्या आणि कागदावर लिहून ठेवा: लॉगिन पीपीपीओई (आयडी-पासवर्ड घालून नेट लागायची पद्धत) आहे की आपोआप आयपी मिळतो, पीपीपीओई असेल तर यूझर आयडी-पासवर्ड, आणि व्हीएलॅन नंबर (एकाच वायरीतनं इंटरनेट, फोन वेगवेगळे ओळखायची खूण). हा व्हीएलॅन नंबर सगळीकडं एकच नसतो, निपाणीतल्या मित्राचा आकडा तुमच्या अनगोळच्या घरात चालेलच असं नाही. फोनवर कन्नडच बोलणारा भेटला तर "ब्रिज मोड माडी कोडी, यूझर आयडी, पासवर्ड बेकु" एवढं बास होतं, पुढचं सगळं इंग्रजीच शब्द असतात. बऱ्याच कंपन्या मोडेमचं हे पान आपल्यासाठी लॉक ठेवतात आणि त्यांच्याकडनंच बदलून देतात, ते बरंच म्हणायचं. पान तुम्हाला उघडत असेल तर बदलायच्या आधी वॅनच्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढा. तिथं दोन-तीन ओळी दिसतील, एक इंटरनेटची, एखादी लँडलाईन फोनची म्हणजे व्हॉइसची. व्हॉइसच्या ओळीला हात लावायचा नाही, नाहीतर आज्जीचा फोन मुका होईल. इंटरनेटच्या ओळीत रूट आहे तिथं ब्रिज करा, व्हीएलॅन आहे तोच ठेवा, लॅन-१ ला ती ओळ बांधा.

मग राऊटर नेहमीच्या राऊटर मोडमध्ये, वायर लॅन-१ मधनं वॅनमध्ये, इंटरनेटच्या प्रकारात पीपीपीओई निवडून आयडी-पासवर्ड, एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाचं माप) १४९२. व्हीएलॅनची खूणगाठ मोडेम आधीच सोडवत असेल तर राऊटरमध्ये परत तो नंबर घालू नका, दोन्हीकडं घातला की लागत नाही. एरर काय येतोय ते वाचा: ऑथेंटिकेशन फेल म्हणजे पासवर्ड चुकला नाहीतर मोडेमचं जुनं लॉगिन कंपनीकडं अजून उघडंच आहे, थोडा वेळ थांबून परत बघा. काहीच उत्तर येत नाही, नुसतं फिरतच राहतंय, म्हणजे व्हीएलॅन नाहीतर भोक चुकलं. आणि लागल्यावर राऊटरच्या स्टेटसमध्ये वॅनचा आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ च्या मध्ये सुरू होत असेल तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना वाटून देतेय. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरनं घरातल्या उपकरणापर्यंत वाट उघडणं) करून शेतावरनं घरचा कॅमेरा बघायचा बेत ब्रिज मोडनं पण जमणार नाही, त्याला कंपनीकडनं स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) विकत घ्या नाहीतर कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲप वापरा.

ज्यांच्याकडं मोडेमच नाही, केबलवाल्यानं खांबावरच्या पेटीतनं सरळ नेटवर्कची वायर घरात आणलीय, त्यांचं वेगळं. वायर थेट राऊटरच्या वॅनमध्ये. जुना राऊटर चालत होता आणि नवा लागत नाही तर केबलवाल्याकडं जुन्याचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर) नोंदवलेला असणार, त्याला फोन करा किंवा सेटिंगमध्ये मॅक क्लोन आहे तिथं जुना पत्ता घाला.

वायफायचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतनं लांब जातं पण संथ आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत असतं, ५ गिगाहर्ट्झ जोरात पण मातीच्या भिंतीला हरतं. गल्लीत दाटीची घरं असतील तर २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ ह्यातलाच एक घ्या, मधले घेतले की दोन्ही बाजूंच्यांशी भांडण. मोडेमच्या आणि राऊटरच्या वायफायला नाव-पासवर्ड एकच ठेवला तर मोबाईल चालता चालता स्वतः बदलतो, पण काही मोबाईल लांबच्यालाच धरून बसतात, तसं होत असेल तर नावं वेगळी करा. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिननं वायफायला जोडायची सोय) बंद. राऊटर लोखंडी कपाटावर, मागाजवळ किंवा टीव्हीच्या मागं ठेवू नका, लोखंडाच्या पलीकडं वायफाय जात नाही. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला.

स्पीड मोजायचा तर आधी लॅपटॉपला वायर लावून मोजा. वायरीवर प्लॅनएवढा येतोय आणि वायफायवर नाही तर तक्रार कंपनीकडं करून उपयोग नाही, राऊटरची जागा बदला. वायरीवरच शंभर एमबीपीएसच्या आत अडकलाय आणि प्लॅन तीनशेचा आहे तर वायर बदलून बघा, आतल्या आठ तारांतली एक तुटली तरी जोडणी शंभरवर उतरू शकते, आणि राऊटरची भोकंच शंभरची असतील तर तो राऊटर बदलल्याशिवाय इलाज नाही.

शेवटचं करंटचं. वळवाचा पाऊस सुरू झाला की हेस्कॉमचा करंट कधी जाईल कधी येईल सांगता येत नाही, आणि गडगडाट सुरू झाला की दोन्ही अडॅप्टर प्लगमधनं काढूनच ठेवा. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण करंटची वायर वाहते, आणि काही फायबर वायरींना आधाराला लोखंडी तार असते ती पण वाहते. रोजच्या लोडशेडिंगला मिनी यूपीएस घ्या, पण अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, १२ ला १२, ९ ला ९, आणि अँपिअर दोन्ही डब्यांच्या बेरजेपेक्षा कमी नकोत. यूपीएस मोडेम आणि राऊटर दोघांनाही लागतो, एकट्या राऊटरला लावला तर वायफाय दिसतं आणि नेट नसतं. यूपीएस नसेल तर करंट आल्यावर पॉनचा दिवा स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं जातात, तोवर थांबा, आणि त्यानंतरही लागलं नाही तर मोडेमला हात न लावता एकट्या राऊटरचं बटण बंद करून चालू करा.