चढून आल्यावर दुर्बीण थरथरते? काठीवर टेकवा

संरक्षित डोंगराळ भागात चढ संपवून दुर्बीण लावली की समोरचा उतार नुसता थरथरतो. धाप लागलेली असते, आणि १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही तितकाच मोठा करते. स्थिर बसलेला प्राणी अशा वेळी हमखास सुटतो.

१. डोंगराच्या धारेवर, म्हणजे माथ्याच्या रेघेवर उभं राहू नका, तिथे आपली आकृती आभाळावर दुरूनही उठून दिसते. पायवाट न सोडता धारेच्या थोडं खाली बसा.

२. २-३ मिनिटं श्वास शांत होऊ द्या. तोवर साध्या डोळ्यांनीच बघा. हालचाल अशीच आधी कळते.

३. चालायची काठी दोन पायांमध्ये टेकवा. काठी सरकती असेल तर मूठ डोळ्यांच्या जरा खाली येईल इतकी लांबी करा. मुठीवर दुर्बीण ठेवून दोन्ही एकत्र धरा, कोपरं गुडघ्यांवर.

४. उतार आडव्या पट्ट्यांत तपासा. एका जागी ५-६ सेकंद थांबा, मग पुढे सरका. आधीच्या जागेची कड पुन्हा दिसली पाहिजे.

अख्खा प्राणी शोधू नका. पाठीची आडवी रेघ, हलणारा कान, शिंगाचं वळण एवढंच बहुधा दिसतं. झुडपांच्या कडा आणि सावली-उन्हाची सीमा दोनदा बघा, बरेचसे प्राणी तिथेच सापडतात.

सकाळी-संध्याकाळी सूर्य उताराला लागून असतो. पट्टा तपासताना दुर्बीण चुकूनही त्याच्यावरून नेऊ नका, क्षणात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.