टीव्ही गेमचा हातात धरायचा संच: वेळ राखून ठेवा तो विजेसाठी

जुन्या टीव्ही गेमला छोटा पडदा आणि बॅटरी लावून हातात धरून खेळायचंय म्हटलं, की कोणीतरी हमखास 'त्यापेक्षा रास्पबेरी पाय टाक ना' म्हणतं. ज्याला तो छोटा संगणक टाकायचा त्याने टाकावा. मला कॅसेट खोचायची आहे, नाही चालली तर काढून, फुंकर मारून परत खोचायची आहे. (फुंकरीने ओल जाऊन पट्ट्या खराब होतात, ठाऊक आहे. खरा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड. पण सवय ती सवय.)

असे सात संच मी आजवर केले. पहिल्या दोनांनी रडवलं आणि दोन्ही वेळा कारण वीज. म्हणून बाकीच्या पायऱ्या इथे झटपट उरकतो. सोल्डरिंग येतं आणि घरात मल्टिमीटर आहे, हे धरून चाललोय.

संच कोणता घ्यावा

आपल्याकडे नव्वदीत आलेले बहुतेक टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोने जपानात १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. कॅसेटच्या पट्ट्या मोजा, ६० भरल्या तर तीच जात. मूळ यंत्रात प्रोसेसर वेगळा आणि चित्र काढणारी चिप वेगळी. नंतरच्या नकलांमध्ये सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका असतो. आपल्याला ठिपकेवाला हवा: बोर्ड लहान, वीज कमी खातो. मागे पिवळी-पांढरी एव्ही पिन हवीच. नुसता अँटेनाच्या तारेवर चालणारा असेल तर सोडून द्या. आणि नशिबाने खरा जपानी फॅमिकॉम हाती लागला, तर त्याच्यावर करवत चालवू नका.

पडदा गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा, ४.३ इंची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबापाशी बाकीचं सामान एका फेरीत मिळतं.

बोर्ड, बटणं, आवाज

कॅसेटचा स्लॉट बोर्डावरून काढून साठ तारांनी दुसरीकडे नेण्याचे व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका. स्लॉट आहे तिथेच ठेवा आणि डबा त्याच्या मापाने घ्या.

रिमोट उघडून त्याची पट्टी मधोमध कापा. डाव्या भागात चार दिशा, उजव्या भागात ए आणि बी. तुटलेल्या रेघा तारांनी जोडा. रिमोटमधून बोर्डाकडे फक्त पाच तारा जातात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरचा बीप ऐकूनच जोडा.

आवाजाला पीएएम ८४०३ या ॲम्प्लिफायरची छोटी पट्टी (म्हणजे तयार सर्किट बोर्ड) पुरते. तिच्या स्पीकरची उणे तार ग्राउंडला जोडायची नाही. ती ग्राउंड नसतेच, जोडलीत तर पट्टी जाईल.

आता वीज

मूळ संचात ॲडॉप्टरचे ९ व्होल्ट येतात आणि आतला तीन पायांचा ७८०५ त्यांचे ५ करतो. त्या ७८०५ला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतं. बॅटरीवरून ५ व्होल्ट तयार करून जुन्या ॲडॉप्टरच्या पिनमध्ये दिलेत, तर चिपपर्यंत जेमतेम तीन-साडेतीन पोचतात. पडदा करडा राहतो आणि माणूस कॅसेटला शिव्या देत बसतो. म्हणून ७८०५ उपटून काढा आणि ५ व्होल्ट सरळ त्याच्या तिसऱ्या पायाच्या भोकात द्या. छापील अक्षरं आपल्याकडे धरलीत की डावीकडून पहिला पाय आत येणारा, मधला ग्राउंड, तिसरा बाहेर जाणारा.

बॅटरी म्हणून १८६५० मापाचा एक लिथियम सेल. भरलेला असताना ४.२ व्होल्ट. जुन्या लॅपटॉपमधला चालेल, पण मीटरवर अडीचच्या खाली दाखवत असेल तर त्याला चार्ज करून जिवंत करायचा नाद सोडा. सेलवर थेट सोल्डर लावायचा नाही, होल्डर घ्या. चार्जिंगला टीपी ४०५६ची पट्टी, तीही संरक्षणाची चिप असलेली, म्हणजे एका बाजूला चार टोकं असलेली. गेमची वीज 'आउट'च्या टोकांवरून घ्या, 'बी'च्या टोकांवरून नाही, नाहीतर संरक्षण असून नसल्यासारखं.

सेलचे ५ व्होल्ट करायला एमटी ३६०८ची बूस्ट (व्होल्टेज वाढवणारी) पट्टी, आणि माझा पहिला संच हिनेच खाल्ला. हिच्यावर व्होल्टेज कमी-जास्त करायचा निळा चौकोनी ट्रिमपॉट असतो, त्याला इवलासा पितळी स्क्रू. नवी पट्टी दुकानातून येते तेव्हा तो कुठेही फिरवलेला असतो. मी पट्टी जोडली, स्विच दाबला, आणि मामेभावाने मोठ्या मनाने दिलेल्या टीव्ही गेमच्या काळ्या ठिपक्यातून जळक्या फेव्हिकॉलसारखा वास आला. मग मीटर लावला: २३ व्होल्ट. मीटर आधी लावायचा असतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. पट्टीच्या बाहेरच्या टोकांना काहीही जोडायचं नाही, फक्त मीटर. स्क्रू डावीकडे फिरवत राहा. दहा-पंधरा फेऱ्या काहीच होत नाही, पट्टी बिघडकी आहे असं वाटतं. थांबू नका, एकदम आकडा उतरायला लागतो. ५.०वर आला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे धक्क्याने हलणार नाही.

यावरही लगेच गेम जोडू नका. १० ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावा. तो अर्धा अँपिअर ओढतो, साधारण आपल्या संचाइतकाच. मीटर ४.८च्या खाली घसरला तर सेल थकलाय किंवा तारा बारीक आहेत. माझा संच पडद्यासकट ५ व्होल्टवर ४५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे सव्वादोन वॅट. पट्टीतलं नुकसान धरून सेलमधून पाऊण अँपिअर निघतो, आणि सेल उतरत जाईल तसा हा आकडा वाढतो. इथे रिबन केबलची केसासारखी तार लावलीत, तर गेममध्ये स्फोट होऊन पडदा पांढरा झाला की गेम रीसेट. या कॅसेटींवर सेव्ह नसतं हे विसरू नका. २२०० मिलिअँपिअर-तासाचा चांगला सेल तीन तास चालतो.

दुसऱ्या संचात चित्र आलं, पण त्यावर तिरक्या फिकट रेघा सरकत होत्या. पडदा खराब म्हणून दुसरा आणला. त्यावरही रेघा. तिसरा आणला. घरात बोलणी खाल्ली. दोष पडद्याचा नव्हताच, ग्राउंडचा होता. मी सगळ्यांची ग्राउंड साखळीने जोडली होती: बॅटरीकडून बोर्डाला, बोर्डाकडून पडद्याला. पडद्याच्या बॅकलाइटचा सगळा प्रवाह ज्या तारेने परत जातो, तीच चित्राच्या सिग्नलचीही ग्राउंड. सिग्नल पुरता एक व्होल्टचा, त्यामुळे तारेत थोडेसे मिलिव्होल्ट हलले तरी रेघ उमटते. उपाय फुकटचा आहे: बोर्ड, पडदा आणि ॲम्प्लिफायर, तिघांची ग्राउंड स्वतंत्र जाड तारेने बूस्ट पट्टीच्या उणे टोकावर आणा. शिवाय बोर्डाच्या ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या शेजारी ०.१चा छोटा सिरॅमिक. माझ्या रेघा त्या संध्याकाळीच गेल्या.

पडदा १२ व्होल्टचा असतो, त्याला आधी नुसते ५ देऊन पाहा. काही तसेच चालतात. नाही चालला तर वेगळी एमटी ३६०८ लावून १२ करा. बॅटरीचा खर्च थोडा वाढतो, चालतं.

पॉवर बँक वापरा म्हणणाऱ्यांना एवढंच: माझ्याकडच्या पॉवर बँकेला चार्जर लावला की आउटपुट क्षणभर जातं, आणि गेम पुन्हा पहिल्या लेव्हलवर. चार्ज करताना खेळायचंच नाही, हा माझा नियम. सहा पायांचा स्लाइड स्विच घेऊन एका बाजूला चार्जरची धन तार, दुसऱ्या बाजूला गेमची धन तार अशी जोडा, म्हणजे एका वेळी एकच चालेल.

डबा

इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसीचा डबा, हॅक्सॉ ब्लेड, कानस, ग्लू गन. सेलच्या अंगाला स्क्रूचं टोक लागणार नाही एवढं बघा. कॅसेटचं तोंड मागे ठेवा, वर ठेवलंत तर कॅसेटच्या वजनाने संच मागे कलतो.

बंदूक जोडायच्या फंदात पडू नका. ती जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते, या पडद्यावर एकही बदक पडणार नाही. त्यासाठी माळ्यावरचा डबा टीव्ही खाली काढावा लागेल.