मुलांसाठी पुस्तक निवडताना वय नंतर, मराठी वाचन आधी

पुस्तकावर ‘वयोगट ८ ते १२’ छापलेलं असतं. त्यावर विसंबू नका. मराठी आणि इंग्रजी माध्यमातली दहा वर्षांची दोन मुलं एकच मराठी पुस्तक सारख्याच सहजतेनं वाचतील असं नाही.

दुकानातच तपासून बघा. पुस्तकाच्या मधलं एखादं पान उघडून शंभरेक शब्द मोठ्यानं वाचायला सांगा आणि मूल अडेल तिथे स्वतःचं एक बोट मिटा. पाच बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या एकट्यानं वाचायचं नाही. तरी आवडलं असेल तर जरूर घ्या आणि तुम्ही वाचून दाखवा, कारण ऐकलेलं मुलांना वाचलेल्यापेक्षा बरंच जास्त कळतं. मूल कशावर अडलं तेही बघा. ‘दुर्लक्ष’, ‘आश्चर्य’ अशा जोडाक्षरांवर अडलं, तर ते सरावानं सुटेल. पण शब्द नीट वाचूनही ‘माजघर’, ‘परसदार’ डोळ्यांपुढे येत नसेल, तर त्या पुस्तकासाठी शेजारी मोठं माणूस हवं.

पहिली-दुसरीसाठी छपाई बारकाईनं पाहा. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडत असतील, तर नवशिक्या वाचकाची नजर घसरते. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्दही त्याला छळतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या पुस्तकांवर वाचनाचे चार स्तर दिलेले असतात. वयापेक्षा तो आकडा जास्त उपयोगी. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. छोटे लेख, गोष्टी, कविता, कोडी असल्यामुळे अर्ध्यावर कंटाळणाऱ्या मुलांना ते धरून ठेवतं.

खरी अडचण बारा-तेराव्या वर्षी येते. इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलाचं मराठी वाचन तिसरीच्या पातळीवर असू शकतं. त्याच्या हातात चिमणी-कावळ्याचं पुस्तक दिलं की त्याला अपमान वाटतो आणि तो मराठी वाचनच सोडतो. विषय त्याच्या वयाचा, पण वाक्यं लहान, संवाद भरपूर आणि प्रकरणं पाच-सहा पानांची, असं काही शोधा. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ इथे अजूनही कामी येतो, कारण त्यात घटना थांबत नाहीत.

चौदा-पंधराच्या पुढे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी देता येते. नववीतली मुलं आणि आणीबाणीचा काळ. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ या कथासंग्रहातल्या लंपन या मुलाच्या बोलण्यात कानडी वळण आहे, म्हणून सुरुवातीची काही पानं मोठ्यानं वाचा, कान सरावला की मुलं पुढे पळतात. या वयाचं पुस्तक देण्याआधी स्वतः वाचा. लपवण्यासाठी नव्हे, तर प्रश्न आला की उत्तर देता यावं म्हणून. आणि वाचून झाल्यावर तात्पर्य मुळीच विचारू नका.

अनुवाद घेताना आतल्या पानावर अनुवादकाचं नाव आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द शोधा. अनुवादकाचं नावच नसेल तर आधी दोन पानं वाचून बघा. गुळगुळीत कागदावरच्या स्वस्त संचांत शुद्धलेखनाच्या चुका खूप सापडतात, आणि त्या मुलांच्या डोळ्यांत बसतात.

वाचनालयातून एका वेळी चार पुस्तकं आणा. दोन नेमकी पातळीची, एक सोपं, एक मुलानं स्वतः निवडलेलं, मग ते तुम्हाला कितीही फालतू वाटो. तीस पानांत रमलं नाही तर परत करायची मुभा ठेवा.