मायक्रोन्यूक्लियस चाचणी करताय? या चुका टाळा

रसायन पेशीतल्या गुणसूत्रांना इजा करतं का, हे ही चाचणी तपासते. रसायनाने गुणसूत्र तुटलं, तरी पेशी विभागली जाईपर्यंत या चाचणीत काहीच दिसत नाही. विभाजनात मागे पडलेला तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मुख्य केंद्रकात जात नाही. त्याचं वेगळं छोटं केंद्रक बनतं. तोच मायक्रोन्यूक्लियस. म्हणून आधी पेशी विभागल्या का ते बघा, मोजणी त्यानंतर.

रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एरवी विभागतच नाहीत, त्यांना पीएचए (फायटोहिमॅग्लुटिनिन, विभाजन सुरू करणारं प्रथिन) घालून चालना द्यावी लागते. पीएचए निकामी झालेलं असेल, तर स्लाइडवर नुसत्या एककेंद्रकी पेशी दिसतात, मायक्रोन्यूक्लियस जवळपास शून्य, आणि घातक रसायनसुद्धा निर्धोक ठरतं. माझ्या मते याहून वाईट चूक नाही, कारण अहवाल दिसायला अगदी स्वच्छ असतो.

पीएचए घातल्यापासून साधारण ४४ तासांनी सायटोकॅलॅसिन-बी घालतात. त्याने केंद्रक विभागतं, पण पेशी दुभंगत नाही. मोजायच्या त्या याच द्विकेंद्रकी पेशी. ते घालायला उशीर झाला, तर एकदा विभागून मोकळ्या झालेल्या पेशी हातून निसटतात.

डोस वाढवत नेण्याचा मोहही आवरा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४८७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, रसायन पेशींना विषारी असेल तर, सर्वोच्च डोसला पेशींवरचा विषारीपणा ५५ ± ५ टक्के अपेक्षित आहे. त्यापुढे मरणाऱ्या पेशींच्या केंद्रकाचे तुकडे पडतात आणि ते मायक्रोन्यूक्लियस म्हणून मोजले जातात. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमाचा पीएच किंवा ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) बिघडली तरी खोटा पॉझिटिव्ह येतो. रसायन घातल्यावर माध्यमाचा रंग पिवळा पडला तर तिथेच थांबा.

सूक्ष्मदर्शकाखाली घाई नको. खरा मायक्रोन्यूक्लियस गोल, मुख्य केंद्रकासारखाच रंगलेला, त्याच्यापासून सुटा आणि व्यासाने त्याच्या सोळाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असतो. फोकस वरखाली केल्यावर चमकला, तर तो गिम्सा या रंगद्रव्याचा साका समजा. स्लाइडवर सांकेतिक क्रमांक घाला. कोणता डोस आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम नक्की दाखवणारी ओळखीची रसायनं) दोन्ही तऱ्हेचे ठेवा: गुणसूत्र तोडणारं मायटोमायसिन-सी आणि स्पिंडल (विभाजनात गुणसूत्रं ओढणारे धागे) बिघडवणारं कोल्चिसिन किंवा विनब्लास्टिन. सायक्लोफॉस्फामाइड या कंट्रोलला मात्र एस-९ (यकृतातल्या एन्झाइमांचा अर्क) लागतंच. यकृतातल्या एन्झाइमांनी बदल केल्याशिवाय ते गुणसूत्र तोडत नाही. एस-९ असूनही त्याचा परिणाम दिसला नाही, तर ती अख्खी बॅच बाद करा.