कॅनव्हासवर मजकुराच्या बेसलाइन कशा मोजाव्यात आणि जुळवाव्यात

वेबपानावरच्या कॅनव्हासवर, म्हणजे कोडने चित्र काढण्याच्या चौकटीवर, लहानमोठ्या आकाराचा मजकूर शेजारी शेजारी लिहिला आणि तो एका रेषेत दिसला नाही, की हाताने दोन-चार पिक्सेल वरखाली करून पाहण्याचा मोह होतो. फॉन्ट बदलताच ही डागडुजी उघडी पडते, म्हणून बेसलाइन, म्हणजे अक्षरे जिच्यावर टेकतात ती अदृश्य रेषा, मोजूनच जुळवावी.

प्रथम कॅनव्हासची रुंदी व उंची ठरवावी आणि मगच फॉन्ट नेमावा, कारण रुंदी बदलताच सर्व मांडणी पुसली जाऊन फॉन्ट मूळच्या १० पिक्सेल सॅन्स-सेरिफवर येतो. त्यानंतर 'डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड' वापरून फॉन्ट येईपर्यंत थांबावे. या फंक्शनला दुसरे मूल्य म्हणून देवनागरी मजकूर अवश्य द्यावा. ते न दिल्यास केवळ रिकाम्या जागेच्या चिन्हासाठी फॉन्ट तपासला जातो आणि लिपीनुसार तुकडे केलेल्या फॉन्टमधला देवनागरीचा तुकडा येतच नाही. मी एकदा हे विसरलो आणि दुपारभर गणितातली चूक शोधत बसलो; गणित बरोबर होते, मापे मात्र भलत्याच फॉन्टची होती.

आता बेसलाइनचा प्रकार ठरवणारे 'टेक्स्टबेसलाइन' हे 'अल्फाबेटिक' ठेवून 'मेजरटेक्स्ट' हे मजकूर मोजणारे फंक्शन चालवावे. 'ॲक्चुअल बाउंडिंग बॉक्स'ची मापे त्या विशिष्ट अक्षरांची प्रत्यक्ष उंची (बेसलाइनच्या वर) व खोली (बेसलाइनच्या खाली) सांगतात, तर 'फॉन्ट बाउंडिंग बॉक्स'ची मापे संपूर्ण फॉन्टची असतात. चौकटीत मजकूर उभ्या मध्यावर आणायचा असेल, तर चौकटीच्या मध्यात उंची व खोली यांच्या फरकाचा निम्मा भाग मिळवावा, कारण कॅनव्हासवर वाय अक्ष खाली वाढत जातो. मध्य १२० वर, उंची २२ आणि खोली ६ असेल, तर बेसलाइन १२८ वर येते. रांगेतल्या बटणांसाठी मात्र फॉन्टचीच मापे घ्यावीत. अन्यथा 'राम' आणि 'कृती' यांच्या बेसलाइन वेगवेगळ्या ठिकाणी पडून रांग उड्या मारल्यासारखी दिसते.

देवनागरीत डोळा खालची रेषा पाहतच नाही, तो शिरोरेषा पाहतो. त्यासाठी 'टेक्स्टबेसलाइन'मध्ये 'हँगिंग' हा पर्याय आहे, परंतु फॉन्टमध्ये त्या रेषेची नोंद नसेल तर ब्राउझर अंदाजाने रेषा ठरवतो, त्यामुळे मी त्यावर विसंबत नाही. त्याऐवजी वर मात्रा किंवा वेलांटी नसलेले 'म' हे एकच अक्षर दोन्ही आकारांत मोजावे. त्याची प्रत्यक्ष उंची म्हणजे बेसलाइनपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर. समजा मोठ्या आकारात ती ३१ आणि लहान आकारात १६ भरली, आणि शिरोरेषा १०० वर हवी आहे, तर बेसलाइन अनुक्रमे १३१ आणि ११६ वर ठेवाव्यात. 'की' किंवा 'ते' मोजल्यास वेलांटी-मात्रेची उंचीही त्यात येते आणि हिशेब चुकतो. अपूर्णांक आल्यास अखेरचा वाय पूर्णांकात आणावा, नाहीतर शिरोरेषेची कड धूसर उमटण्याची शक्यता असते.