एका स्टाफवर दोन व्हॉइस: परस्परविरोधी अ‍ॅक्सिडेंटल कसे लिहावेत

पाश्चात्य स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या स्वरलेखनात, शार्प (स्वर चढवणारे), फ्लॅट (स्वर उतरवणारे) किंवा नॅचरल (स्वर पुन्हा साधा करणारे) यांपैकी एखादे चिन्ह, म्हणजेच अ‍ॅक्सिडेंटल, एकदा लागले, की ते त्याच रेघेवर किंवा त्याच मोकळ्या जागेत, त्याच सप्तकात, बार (दोन उभ्या बाररेषांमधला भाग) संपेपर्यंत लागू राहते. एकच सुरावट लिहायची असेल तोवर हा नियम पुरेसा असतो. त्याच स्टाफवर दोन स्वतंत्र व्हॉइस (सुरावटी) चालू लागल्या, म्हणजे वरच्या व्हॉइसच्या दांड्या वर आणि खालच्या व्हॉइसच्या दांड्या खाली अशी मांडणी झाली, की नियमातली एक फट उघडी पडते. वरच्या व्हॉइसने पहिल्या ठोक्यावर एफ शार्प घेतला आणि खालच्या व्हॉइसने तिसऱ्या ठोक्यावर चिन्हाशिवाय एफ घेतला, तर तो शार्प आहे की साधा? स्वरलेखनाचे बहुतेक प्रोग्राम चिन्हांची नोंद स्टाफपुरती ठेवतात, म्हणून त्यांच्या लेखी तो शार्पच ठरतो. वाचणाऱ्याची नजर मात्र आपल्या व्हॉइसवर असते आणि शेजारच्या व्हॉइसमधला शार्प त्याच्या गावीही नसतो. या लेखात जे उपाय सांगितले आहेत, ते सगळे या एका तफावतीवरचे आहेत.

म्हणून माउसला हात लावण्यापूर्वी हे पान कोण वाचणार आहे ते ठरवावे. पियानोवादक दोन्ही व्हॉइस एकदम वाचतो. एका स्टाफवर छापलेल्या दोन बासऱ्यांचे वादक किंवा सोप्रानो आणि आल्टो गाणारे गायक आपापलीच ओळ वाचतात. आणि कंडक्टरला दोन्ही ओळी लागतात, पण थांबून हिशेब करायला वेळ नसतो. माझे मत असे आहे, की वाचक कोणीही असला, तरी प्रत्येक व्हॉइसने त्या बारमध्ये बदललेला स्वर प्रथम घेताना आपले चिन्ह स्वतःच दाखवावे, मग ते दुसऱ्या व्हॉइसमध्ये आधी येऊन गेलेले असो वा नसो. वरच्या उदाहरणात खालच्या व्हॉइसला साधा एफ हवा असेल तर नॅचरल अनिवार्य आहे. तिलाही एफ शार्प हवा असेल तर शार्प पुन्हा छापावा. स्टाफच्या हिशेबाने हा दुसरा शार्प अनावश्यक असतो, पण त्याने कोणाचेही नुकसान होत नाही. तो नसेल, तर तालमीत कोणीतरी हात वर करून हमखास विचारणार.

प्रोग्राम हे दुसरे चिन्ह आपणहून छापत नाही. त्याला ते सक्तीने छापायला सांगावे लागते. म्यूझस्कोअरमध्ये स्वर निवडून अ‍ॅक्सिडेंटलच्या पॅलेटमधून चिन्ह लावले, की ते कायमचे दिसते. उलट, बाणाच्या कळांनी स्वर वरखाली केला, तर चिन्ह आवश्यक असेल तेव्हाच उमटते. डोरिकोमध्ये स्वर निवडून प्रॉपर्टीजच्या पट्टीतून अ‍ॅक्सिडेंटल दाखवण्याची किंवा कंसात घालण्याची सोय आहे. स्वर मजकूर म्हणून टाइप करायच्या लिलीपॉन्डमध्ये स्वराच्या नावानंतर ! लिहिल्यास चिन्ह सक्तीने छापले जाते आणि ? लिहिल्यास ते कंसात येते.

लिलीपॉन्डच्या चिन्हे छापण्याच्या शैलींविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रश्नाचा विचार तिथे नावानिशी झालेला आहे. मूळ शैली चिन्हांची आठवण स्टाफवर ठेवते. ‘व्हॉइस’ नावाची शैली ती आठवण प्रत्येक व्हॉइससाठी वेगळी ठेवते, आणि नाव वाचून हेच आपले औषध असे वाटते. पण या शैलीत एका व्हॉइसमधला शार्प दुसऱ्या व्हॉइसमध्ये रद्द केला जात नाही. म्हणजे खालच्या व्हॉइसच्या साध्या एफपुढे नॅचरल उमटतच नाही, आणि दोन्ही व्हॉइस एकदम वाचणारा माणूस तिथे चुकतो. आपल्याला बहुतेक वेळा हवी असते ती ‘मॉडर्न-व्हॉइस’ शैली: ती चिन्हे प्रत्येक व्हॉइससाठी स्वतंत्रपणे छापते आणि त्याच वेळी एका व्हॉइसमधले चिन्ह दुसऱ्या व्हॉइसमध्ये रद्दही करते, त्यामुळे एकच ओळ वाचणारा आणि दोन्ही ओळी वाचणारा अशा दोघांचीही सोय होते. जादा चिन्हे कंसात हवी असल्यास तिचीच ‘मॉडर्न-व्हॉइस-कॉशनरी’ ही आवृत्ती वापरावी. पियानोसाठीची ‘पियानो’ शैली याच्या पुढे जाऊन दोन हातांच्या दोन स्टाफमधलीही चिन्हे परस्परांत रद्द करते.

दोन्ही स्वर एकाच क्षणी आले तर

आतापर्यंतची उदाहरणे मागेपुढे येणाऱ्या स्वरांची होती. खरी कसोटी लागते ती एफ आणि एफ शार्प एकाच ठोक्यावर, एकाच रेघेवर येतात तेव्हा. दोन्ही व्हॉइसचा स्वर अगदी सारखा असता, तर एकच नोटहेड (दांडीशिवायचा स्वराचा गोल) आणि त्याला वर व खाली अशा दोन दांड्या, त्यापुढे एकच चिन्ह, एवढ्यावर काम भागले असते. विरोधी चिन्हे असताना नोटहेड एकत्र करता येत नाहीत. ती शेजारी शेजारीच हवीत. वर दांडी असलेला स्वर डावीकडे आणि खाली दांडी असलेला उजवीकडे ठेवावा. वरच्या दांडीची जागा नोटहेडच्या उजव्या कडेला आणि खालच्या दांडीची डाव्या कडेला असल्यामुळे या मांडणीत दोन्ही दांड्या जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात आणि स्वर एकाच क्षणाचे आहेत हे डोळ्याला पटते.

चिन्हे दोन्ही नोटहेडच्या डावीकडे, नोटहेडच्याच क्रमाने लावावीत. वरच्या व्हॉइसचा शार्प आधी, मग खालच्या व्हॉइसचे नॅचरल, आणि मग दोन नोटहेड. प्रत्येक चिन्ह आपापल्या नोटहेडला चिकटवण्याचा मोह होतो, कारण कोणते चिन्ह कोणाचे हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. पण तसे केल्यास दोन नोटहेडमध्ये चिन्हाएवढी फट पडते आणि वाचणारा ते एकामागून एक येणारे स्वर समजतो. हा मोह टाळावा. नॅचरल वगळण्याचाही विचार करू नये: कीमध्ये (रचनेच्या मूळ स्वरसमूहात) एफ साधा असला, तरी शेजारी शार्प असताना बिनचिन्हाचे नोटहेड म्हणजे संशयाला आमंत्रण आहे.

हे सगळे करूनही जागा गजबजलेली दिसत असेल, तर स्वराचे नाव बदलता येते का ते पाहावे. एफ शार्पऐवजी जी फ्लॅट लिहिला, तर दोन स्वर दोन वेगळ्या जागांवर जातात आणि टक्कर उरत नाही. जॅझमधल्या शार्प नाइन कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटात) हे नेहमी दिसते: सीवरच्या अशा कॉर्डमध्ये ई आणि डी शार्प असतात, आणि कानाला ई फ्लॅट वाटणारा तो स्वर डी शार्प म्हणून लिहिल्यामुळेच ईशी भांडत नाही. मात्र व्हॉइस गाणाऱ्याला तो स्वर पुढे जीकडे चढत न्यायचा असेल, तर एफ शार्प हेच त्याचे खरे नाव होय, आणि केवळ पान सुबक दिसावे म्हणून गायकाची वाट अवघड करणे मला मान्य नाही. अशा वेळी दोन व्हॉइससाठी दोन वेगळे स्टाफ घेणे अधिक प्रामाणिक ठरते. विल्यम बर्ड यांच्यासारख्या सोळाव्या शतकातल्या इंग्लिश रचनाकारांच्या कोरल संगीतात एक व्हॉइस चढवलेला स्वर आणि दुसरी न चढवलेला स्वर घेते अशा जागा मुद्दाम येतात; तिथे नाव बदलणे म्हणजे रचनेचा अर्थच पुसणे होईल.

दोन्ही व्हॉइसमध्ये एकापेक्षा अधिक स्वर असतील, तर चिन्हांच्या रांगांसाठी व्हॉइसचा भेद विसरून त्या क्षणाचे सगळे स्वर एकच कॉर्ड आहेत असे मानावे. सर्वांत वरच्या स्वराचे चिन्ह नोटहेडच्या सर्वांत जवळ, सर्वांत खालच्या स्वराचे त्याखाली जागा असल्यास त्याच रांगेत, आणि मधली चिन्हे क्रमाने डावीकडे सरकत, अशी ही पद्धत आहे. दोन स्वरांत सातव्याएवढे (सी ते वरचा बी एवढे) किंवा त्याहून अधिक अंतर असेल, तर त्यांची चिन्हे एका उभ्या रांगेत बसतात. हे काम प्रोग्राम सहसा नीट करतो, आणि तो करत असेल तर त्यात हात घालू नये.

टाय आणि पुढचा बार

सर्वांत जास्त चुका मी टायच्या (एकाच उंचीचे दोन स्वर जोडून लांबवणाऱ्या वक्ररेषेच्या) जागी पाहिल्या आहेत. वरच्या व्हॉइसचा एफ शार्प टायने बाररेषा ओलांडून पुढच्या बारमध्ये गेला, तर नियमानुसार त्या लांबवलेल्या स्वरापुढे शार्प पुन्हा छापत नाहीत. आता त्याच बारच्या पहिल्या ठोक्यावर खालच्या व्हॉइसमध्ये साधा एफ आला, तर नव्या बारमध्ये शार्प कुठेच दिसत नाही, पण वाजतो मात्र आहे. त्यामुळे खालच्या एफला नॅचरल द्यावेच. त्यानंतर वरच्या व्हॉइसने टाय संपल्यावर त्याच बारमध्ये पुन्हा एफ शार्प घेतला, तर त्याला नवा शार्प हवा, कारण टायमधून आलेल्या चिन्हाचा अंमल त्या टायपुरताच असतो. टाय मध्येच तुटून पुढच्या सिस्टिमवर (पानावरच्या पुढच्या ओळीवर) जात असेल, तर लांबवलेल्या स्वरापुढे शार्प कंसात द्यावा.

टाय नसतानाही पुढच्या बारमधल्या पहिल्या साध्या एफला स्मरणार्थ नॅचरल देणे चांगले. शार्प एका व्हॉइसचा आणि पुढचा साधा एफ दुसऱ्या व्हॉइसचा असेल, तर हे नॅचरल कंसात छापावे, असे मी सुचवेन. त्याच व्हॉइसमध्ये असेल, तर कंसाची आवश्यकता नाही. पण एकदा ठरवलेली रीत संपूर्ण पुस्तिकेत सारखी ठेवावी. काही ठिकाणी कंस आणि काही ठिकाणी नाही असे दिसले, की वाचणारा त्या फरकामागे अर्थ शोधू लागतो.

चिन्ह हवे तसे बसत नाही म्हणून ते मजकूर किंवा सुटे चित्र म्हणून चिकटवणे हा आडमार्ग आहे. प्रोग्रामच्या दृष्टीने ते चिन्हच नसते. त्यामुळे वाजवताना ते ऐकू येत नाही, आणि बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी पार्ट (एका वादकाची सुटी प्रत) काढताना सगळी सुरावट एका टोनने वर जाते, तेव्हा हे चिकटवलेले नॅचरल जिथल्या तिथे राहून आता चुकीचे ठरते. खऱ्या चिन्हाच्या बाबतीत साध्या एफचा जी झाला, की हिशेब नव्याने मांडला जातो.

दुसऱ्या प्रोग्राममधून फाइल आणणाऱ्यांनीही सावध राहावे. 2024 मध्ये फिनाले या स्वरलेखनाच्या प्रोग्रामचा विकास थांबल्याचे जाहीर झाल्यापासून अनेकांनी आपल्या जुन्या फाइली म्यूझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइल-स्वरूपातून अन्यत्र हलवल्या आहेत. या स्वरूपात स्वर प्रत्यक्षात किती चढा वा उतरा आहे ही एक नोंद असते आणि त्यापुढे कोणते चिन्ह छापायचे ही दुसरी, स्वतंत्र नोंद असते. पहिली नोंद शाबूत राहते, म्हणून ऐकताना सारे बरोबर वाटते. सक्तीने दिलेली आणि कंसातली चिन्हे मात्र वाटेत गळालेली असू शकतात. म्हणून फाइल उघडल्यावर दोन व्हॉइस असलेले बार डोळ्यांनी तपासावेत. केवळ ऐकून भागत नाही.

तपासणीची माझी पद्धत साधी आहे. छापील पानावर कागदाची पट्टी ठेवून एक व्हॉइस शक्य तितकी झाकावी आणि उरलेली व्हॉइस बारच्या सुरुवातीपासून मोठ्याने स्वरांची नावे घेत वाचावी. मग दुसऱ्या व्हॉइससाठी तसेच करावे. ज्या स्वराचे नाव घेण्यासाठी पट्टी उचलून पाहावे लागले, त्या स्वराला चिन्ह लावावे. शेवटी प्रत्येक वादकाचा स्वतंत्र पार्ट काढून पाहावा, कारण संयुक्त स्टाफवर आवश्यक असलेले नॅचरल तिथे एकटेच, कारणाशिवाय उभे राहिलेले दिसेल. सक्तीने दिलेली चिन्हे पार्टमध्ये वेगळी लपवता येत असतील, तर तेवढीच लपवावीत; मुख्य स्कोअरमधून ती काढू नयेत.